फुफ्फुसाला वण पडतात तेव्हा एक डॉक्टर का पुरत नाही

जिना चढताना दम लागायला लागला की माणूस आधी वयाला दोष देतो, मग वजनाला. मग सोबतीला कोरडी ढास येते, ती काही केल्या जात नाही, आणि तेव्हा कुठे डॉक्टर. तिथेही सुरुवात खोकल्याच्या बाटलीपासून होते. नंतर दम्याचा पंप, नंतर हृदयाची इको. प्रत्येक थांब्यावर दोन-तीन महिने जातात. यात कोणाचा हलगर्जीपणा असतोच असं नाही. दम लागण्याची साधी आणि नेहमीची कारणं आधी तपासावीत हे बरोबरच आहे. पण एखाद्या दिवशी कोणीतरी स्टेथोस्कोप पाठीवर, अगदी खालच्या बाजूला टेकवतो, खोल श्वास घ्यायला सांगतो आणि त्याला वेल्क्रोची पट्टी हळूहळू सोडवावी तसा चरचर आवाज ऐकू येतो. तिथून गोष्ट बदलते.

हा आवाज बहुतेक वेळा फुफ्फुसात वण पडत असल्याचा असतो. वैद्यकीय भाषेत फायब्रोसिस. ज्या आजारांत फुफ्फुसात अशी सूज येते किंवा वण पडतात त्यांच्या गटाला आयएलडी (इंटरस्टिशियल लंग डिसीज) म्हणतात, आणि या गटात दोनशेहून अधिक आजार आहेत. या लेखाचा सगळा भार त्या दोनशेवर आहे. आजार एकच असता तर एक चांगला छातीचा डॉक्टर पुरला असता.

आधी वण म्हणजे काय ते पाहू. आपल्या फुफ्फुसांत तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात. ते सगळे उलगडून पसरले तर सत्तर चौरस मीटरच्या आसपास जागा व्यापतील. प्रत्येक वायुकोशाच्या भिंतीत केशवाहिन्यांचं जाळं असतं, आणि हवा व रक्त यांच्यामधला पडदा सर्वांत पातळ जागी एक मायक्रॉनहूनही कमी जाडीचा असतो. केसाची जाडी याच्या कित्येक पट. ऑक्सिजन या पडद्यातून पलीकडे झिरपतो. हाच पडदा पुन्हा पुन्हा दुखावला गेला, आणि दुरुस्तीला आलेल्या पेशींनी काम संपल्यावर थांबायचं सोडून तंतू विणतच राहायचं ठरवलं, की पडदा जाड होतो, आक्रसतो, ताठ होतो. गुडघ्यावरच्या जुन्या जखमेची कातडी कशी निबर होते, तसंच. फरक इतकाच की गुडघ्यावरच्या वणाला श्वास घ्यायचा नसतो.

बसून असताना या माणसाला फारसं काही होत नाही, हे घरच्यांना कोड्यात टाकतं. त्याचं कारण वेळेच्या हिशेबात आहे. आपण शांत बसलेलो असताना रक्ताला वायुकोशापाशी पाऊण सेकंद मिळतो. निरोगी पडद्यातून ऑक्सिजन भरून घ्यायला पाव सेकंद पुरतो, म्हणजे बराच वेळ हाताशी शिल्लक असतो. पडदा जाड झाला तरी या शिलकीवर निभावतं. पण माणूस चालायला लागला की रक्त वेगाने धावतं, त्याचा मुक्काम बराच आखडतो आणि शिल्लक संपते. म्हणून बोटाला लावलेला ऑक्सिमीटर खुर्चीत ९६ दाखवतो आणि सहा मिनिटं चालल्यावर ८४. ज्यांनी फक्त खुर्चीतला आकडा पाहिला त्यांना पेशंट उगाच घाबरतोय असं वाटतं. माझ्या मते या आजारातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित तपासणी म्हणजे पेशंटला चालवून बघणं.

आता ते दोनशे आजार. काहींत कारण सापडतं. पक्ष्यांची पिसं आणि विष्ठा, बुरशी, कुजकं गवत असलं काही वर्षानुवर्षं श्वासावाटे जात राहिलं आणि शरीराने त्याविरुद्ध दंड थोपटले, की हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होतो. दगडाच्या धुळीतून सिलिकोसिस, ॲस्बेस्टॉसमधून ॲस्बेस्टोसिस. संधिवाताच्या घराण्यातले आजार, म्हणजे सांधे सुजवणारा ऱ्हुमॅटॉइड, कातडी ताठवणारा स्क्लेरोडर्मा, स्नायू सुजवणारा मायोसायटिस, हे सांध्यांना आणि कातडीला त्रास देता देता फुफ्फुसात शिरतात, आणि कधी कधी तर फुफ्फुसातच आधी उगवतात. काही औषधांमुळेही वण पडतात: हृदयाचे ठोके आवरणारं ॲमिओडॅरोन, कर्करोगावरचं ब्लिओमायसिन, लघवीच्या जंतुसंसर्गावरचं नायट्रोफ्युरॅन्टॉइन. आणि जिथे शोध शोध शोधूनही कारण सापडत नाही, त्यातल्या एका प्रमुख आजाराला आयपीएफ (इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस) म्हणतात. त्यातला ‘आय’ ज्या शब्दाचा आहे त्याचा अर्थ ‘कारण अज्ञात’ इतकाच. तो साधारण साठीनंतर होतो, पुरुषांत आणि धूम्रपान केलेल्यांत जास्त आढळतो, आणि उपचार नसताना निदानानंतरचं आयुर्मान सरासरी तीन ते पाच वर्षं सांगितलं जातं. हा आकडा वाचून घाबरण्याआधी लक्षात घ्या, तो औषधं येण्यापूर्वीच्या काळातला आहे, आणि सरासरी ही कोणा एकाची पत्रिका नसते.

कारणाचा माग काढणं किती चिवट काम असू शकतं याचं एक उदाहरण डॉक्टरमंडळी एकमेकांना आवर्जून सांगतात. इंग्लंडमधल्या एका ६१ वर्षांच्या गृहस्थांना सात वर्षं खोकला आणि दम. पक्षी नाहीत, बुरशी नाही, धूम्रपान नाही. उपचार चालू, तरी उतार नाही. मग ते तीन महिने ऑस्ट्रेलियात राहिले आणि तिथे एकदम बरं वाटलं. परतले, पुन्हा त्रास. ऑस्ट्रेलियात काय वेगळं होतं? ते रोज बॅगपाइप वाजवत, आणि ती या वेळी घरी राहिली होती. वाद्याच्या ओलसर पिशवीत बुरशीच्या अनेक जाती निघाल्या. हे लक्षात येईपर्यंत फार उशीर झाला होता, ते गेले. २०१६ मध्ये हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मुद्दा असा की यातला निर्णायक पुरावा कुठल्याही स्कॅनमध्ये नव्हता, तो दिनक्रमात होता.

बरं, कारण सापडलं किंवा नाही सापडलं, औषध तर स्टेरॉइडच ना? बराच काळ असंच मानलं जायचं. आयपीएफच्या पेशंटला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, सोबत प्रतिकारशक्ती दाबणारं ॲझाथायोप्रिन आणि एन-ॲसिटिलसिस्टीन, असा तिहेरी उपचार अनेक ठिकाणी चालू होता. अमेरिकेत त्याची रीतसर चाचणी घेतली, तेव्हा ती मधूनच थांबवावी लागली. २०१२ मध्ये निकाल छापून आले: तिहेरी औषध घेणाऱ्या ७७ जणांपैकी ८ दगावले, नुसती खोटी गोळी घेणाऱ्या ७८ जणांपैकी १. हॉस्पिटलात भरती व्हावं लागलं ते अनुक्रमे २३ आणि ७ जणांना. ज्याला उपचार म्हणत होतो तोच घात करत होता. आणि गंमत, खरं तर गंमत नव्हे, अशी की हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस किंवा मायोसायटिसच्या फुफ्फुसात हीच किंवा अशीच औषधं मोलाची ठरतात. स्कॅनवर दोन्ही फुफ्फुसं बरीचशी सारखी दिसू शकतात. एकाला जे तारतं तेच दुसऱ्याला मारतं. म्हणून या आजारात नावाला इतकं महत्त्व. लेबल चुकलं की औषध चुकतं.

आणि नाव ठरवणं एकट्याच्या आवाक्यातलं नाही. छातीच्या डॉक्टरला पेशंट माहीत असतो, पण स्कॅनमधल्या बारीक खुणा रेडिऑलॉजिस्टइतक्या वाचता येत नाहीत. रेडिऑलॉजिस्टला चित्र कळतं, पण संधिवाताच्या घराण्याकडे बोट दाखवणाऱ्या पेशंटच्या बोटांवरच्या भेगा त्याने पाहिलेल्या नसतात. पॅथॉलॉजिस्टपुढे फुफ्फुसाचा तुकडा असतो, पण तोच नमुना आयपीएफमध्येही दिसतो आणि ऱ्हुमॅटॉइडमध्येही. २००२ मध्ये अमेरिकन आणि युरोपीय श्वसनविकार संघटनांनी एकत्र येऊन मांडलं की या आजारांत अंतिम निदान सूक्ष्मदर्शकाखालचा तुकडा करत नाही, ते या सगळ्यांच्या चर्चेतून ठरतं. २००४ मध्ये अमेरिकेत ५८ पेशंटांवर एक अभ्यास झाला. तज्ज्ञांना आधी आपापली मतं वेगवेगळी लिहायला लावली, मग एकेक माहिती देत एकमेकांशी बोलू दिलं. चर्चा जशी पुढे गेली तशी बऱ्याच जणांनी आपली मतं बदलली आणि एकमत वाढत गेलं. म्हणजे बैठक ही औपचारिकता नव्हे, ती स्वतःच एक तपासणी आहे.

ही बैठक कशी चालते ते जवळून पाहू. त्यासाठी एक काल्पनिक पेशंट घेऊ. निवृत्त शिक्षिका, वय ६८. नाव नको, नुसतं बाई म्हणू. दीड वर्ष खोकला, वर्षभर दम. घरच्यांचा ठाम संशय खडूच्या धुळीवर.

हॉस्पिटलातली एक छोटी खोली, भिंतीवर मोठा पडदा, दिवे मंद. बाई तिथे नाहीत, त्यांची फाइल आहे. छातीच्या डॉक्टर सुरुवात करतात: धूम्रपान नाही, घरात पक्षी नाहीत, ओल नाही. फुंकर-तपासणीत फुफ्फुसाची क्षमता, म्हणजे एफव्हीसी, अपेक्षेच्या ६६ टक्के. वायू पलीकडे झिरपण्याची क्षमता, डीएलसीओ, ४८ टक्के. बसून ऑक्सिजन ९६, चालल्यावर ८५. संधिवाताच्या आजारांची शंका आणणारी एएनए नावाची रक्ततपासणी पॉझिटिव्ह.

रेडिऑलॉजिस्ट माउसचं चाक फिरवतो आणि पडद्यावर बाईंचं फुफ्फुस वरून खाली मिलीमीटरच्या चकत्यांनी सरकतं. ‘आयपीएफमध्ये काय दिसतं? वण तळाशी आणि अगदी कडेला, त्यात मधाच्या पोळ्यासारखी भोकं. इथे पोळं नाही. वणांच्या दोऱ्या-दोऱ्या दिसतायत, श्वासनलिका थोड्या ताणल्यात, पण हे बघा,’ बाण एका राखाडी पट्ट्यावर थांबतो, ‘घासलेल्या काचेसारखं धुकं आहे, आणि ते बरंच आहे. धुकं म्हणजे कदाचित सूज. सूज म्हणजे कदाचित अजून काही करता येईल.’

‘वय ६८ आहे, आयपीएफ सहज नाकारू नका,’ छातीच्या डॉक्टर.

‘एएनए पॉझिटिव्ह आहे,’ संधिवाततज्ज्ञ. ‘थंडीत बोटं पांढरी पडतात का? सकाळी सांधे आखडतात? बोटांच्या कडा मेकॅनिकच्या हातासारख्या भेगाळल्यात?’ तिन्ही उत्तरं नाही. ‘मग नुसत्या एएनएवर मी संधिवात म्हणणार नाही.’

पॅथॉलॉजिस्ट म्हणतो, तुकडा द्या. त्यावर शस्त्रक्रियेवाला मान हलवतो. ठरवून केलेल्या फुफ्फुसाच्या बायोप्सीतही शंभरात एक-दोन पेशंट दगावतात, तातडीत केली तर कितीतरी जास्त. दुर्बिणीतून गोठवून तुकडा काढायची क्रायोबायोप्सी हा पर्याय आहे, २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने अनुभवी केंद्रांपुरता तो मान्यही केलाय. पण डीएलसीओ ४८ वर आलेल्या, म्हणजे धोका जास्त असलेल्या बाईंना त्यातून नेमकं काय मिळणार?

इथवर पाच तज्ज्ञ, पाच मतं. मग कोपऱ्यातली नर्स बोलते. या आजारांपुरतंच काम करणारी नर्स असते, तिची कामं पुढे सांगतोच. तिने बाईंना फोन करून सांगितलं होतं, घरातली झाडून सगळी औषधं पिशवीत घालून आणा, ज्यांची नावं तुम्ही डॉक्टरांना सांगत नाही तीही. त्या पिशवीत एक पट्टी निघाली. नायट्रोफ्युरॅन्टॉइन. लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा व्हायचा म्हणून रोज रात्री एक गोळी, गेली अडीच वर्षं. बाईंनी छातीच्या डॉक्टरांना ते सांगितलं नव्हतं, कारण लघवीच्या गोळीचा छातीशी काय संबंध?

रेडिऑलॉजिस्ट पुन्हा चाक फिरवून मागे जातो. हो, जुळतं. संधिवाततज्ज्ञ म्हणतात, या औषधाने एएनएसुद्धा पॉझिटिव्ह येऊ शकते. टेबलावरचं पारडं फिरलं. निर्णय असा लिहिला जातो: औषधामुळे झालेला आजार असावा, खात्री पुरेशी, पूर्ण नाही. ज्यांनी गोळी दिली त्या डॉक्टरांशी बोलून ती बंद करायची, बायोप्सी नाही. स्टेरॉइडवर दहा मिनिटं वाद होतो आणि शेवटी थोड्या काळापुरतं द्यायचं ठरतं. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन, पुन्हा फाइल टेबलावर.

प्रत्येक फाइलमध्ये अशी पट्टी निघत नाही, हे सांगायला हवं. काही वेळा तासभर चर्चा करूनही ‘सध्या वर्गीकरण करता येत नाही’ असाच शेरा पडतो, आणि तो प्रामाणिक शेरा असतो. टीमही चुकतात. २०१६ मध्ये सात देशांतल्या सात टीमना त्याच ७० पेशंटांच्या फायली दिल्या गेल्या. आयपीएफ आणि संधिवाताच्या फुफ्फुसांवर त्यांचं बऱ्यापैकी जमलं, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसवर फारसं नाही. शिवाय जिथे एका ज्येष्ठाचा आवाज मोठा आणि बाकीचे माना डोलावणारे, तिथे टेबलाभोवती पाच खुर्च्या असल्या तरी मत एकच असतं. माझी खूण सोपी आहे: बैठकीत कोणी कधी मत बदलतं का? कोणीच बदलत नसेल तर ती बैठक नव्हे, सहीसाठीची रांग.

नाव ठरलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं जास्त दिवस चालतं, आणि खरी पंचाईत तिथेच होते.

समजा नाव आयपीएफ निघालं. आता औषधं आहेत. पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब, दोन्हींना अमेरिकेत एकाच दिवशी, १५ ऑक्टोबर २०१४ ला, मान्यता मिळाली. ती वण पुसत नाहीत. वण पडण्याचा वेग कमी करतात, आणि हे पेशंटला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला हवं, नाहीतर सहा महिन्यांनी तो म्हणतो की मला काही फरक नाही, आणि गोळ्या सोडून देतो. निंटेडॅनिबच्या एका मोठ्या चाचणीत खोट्या गोळीवर असलेल्यांची एफव्हीसी वर्षाला सुमारे २४० मिलिलिटरने घटली, औषधावर असलेल्यांची ११५ ने. म्हणजे घसरण जवळपास निम्मी. पण निम्मी घसरण जाणवत नाही. जाणवते ती निंटेडॅनिबने होणारी जुलाबाची धावपळ, किंवा पिरफेनिडोनने गेलेली भूक, मळमळ आणि उन्हात भाजणारी कातडी. शिवाय दोन्हींत यकृताच्या रक्ततपासण्या नियमित कराव्या लागतात, सुरुवातीच्या महिन्यांत तर दर महिन्याला.

आता विचारा, ही रक्ततपासणी कोण बघणार? जिथे ही बैठक होते त्या मोठ्या केंद्रातल्या डॉक्टरला वाटतं पेशंटच्या घराजवळचा डॉक्टर बघतोय. जवळच्या डॉक्टरला वाटतं हे मोठ्या ठिकाणचं औषध, आपण कशाला हात लावा. रिपोर्ट पेशंटच्या खणात. अशा वेळी तज्ज्ञ दहा असले तरी एक ना धड भाराभर चिंध्या. तज्ज्ञांची संख्या आणि समन्वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पेशंटला दुसरीची उणीव जास्त भोवते.

म्हणून ती नर्स. इंग्लंडमध्ये २०१३ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने फायब्रोसिसच्या पेशंटला तपासण्यांपासून पुढे कायम अशी विशेष नर्स हाताशी असावी असं लिहून ठेवलं आहे. तिचा फोन नंबर पेशंटकडे असतो. जुलाब लागले तर गोळी परस्पर बंद न करता आधी तिला विचारायचं. ती सांगते जेवणासोबत घ्या, जुलाबाची गोळी जवळ ठेवा, डॉक्टरांशी बोलून डोस कमी करू, थोडे दिवस थांबून परत सुरू करू. औषध टिकतं ते अशा दोन-तीन फोनांमुळे. मला विचाराल तर या सगळ्या व्यवस्थेतून एकच माणूस ठेवता येणार असेल, तर मी मोठ्या प्राध्यापक-डॉक्टरांऐवजी तिला ठेवीन. बैठकीच्या टेबलाचं मी इतकं कौतुक केल्यावर हे बोलणं विसंगत वाटेल, वाटू दे.

तिच्या मागे बाकीचा गोतावळा. फिजिओथेरपिस्ट पल्मनरी रिहॅब घेतो: सहा ते बारा आठवडे, देखरेखीखाली चालणं, पायांचे आणि हातांचे व्यायाम, दम लागल्यावर घाबरून न जाता श्वास कसा आवरायचा याची सवय. यातून फुफ्फुस सुधारत नाही, स्नायू सुधारतात, आणि तेवढ्याच ऑक्सिजनवर माणूस जास्त चालू शकतो. ऑक्सिजन किती लिटर, बसून की चालताना की झोपेत, हे अंदाजाने ठरवायचं नसतं. तिन्ही वेळा मोजून ठरवायचं. पित्त वर येणं, झोपेत श्वास अडकणं, फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला वाढलेला दाब, फुफ्फुसाचा कर्करोग, हृदयाच्या नळ्यांतले अडथळे, या सगळ्यांवर नजर लागते, कारण फायब्रोसिसच्या पेशंटमध्ये हे पाहुणे वारंवार येतात. फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लसी घ्यायच्या, यात चर्चेला वाव नाही.

काही टीममध्ये जनुकतज्ज्ञही असतो, आणि त्याचे प्रश्न पेशंटला विचित्र वाटतात. केस कितव्या वर्षी पांढरे झाले? घरात कोणाला यकृताचा आजार? कोणाच्या रक्तपेशी कमी? काही कुटुंबांत गुणसूत्रांच्या टोकांवरची टेलोमिअर नावाची टोपणं लवकर झिजतात. तिशीच्या आत पांढरे केस, यकृत, अस्थिमज्जा आणि फुफ्फुसातले वण, हे सगळं त्याच एका झिजेचं फळ असू शकतं. असं निघालं तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जपून द्यावी लागतात, प्रत्यारोपणाचे बेतही बदलतात, आणि भावंडांनाही विचारावं लागतं.

प्रत्यारोपणाबद्दल एक गैरसमज पक्का आहे: ते अगदी शेवटी. उलट आहे. प्रत्यारोपणाच्या टीमची ओळख लवकर व्हायला हवी, कारण त्यांच्या तपासण्यांना वेळ लागतो, यादीत वाट पाहावी लागते, आणि फार खालावलेला पेशंट ती शस्त्रक्रिया झेलू शकत नाही. जाऊन ‘आत्ता गरज नाही’ असं ऐकून येणं ही वाया गेलेली फेरी नव्हे. आणखी एक माहिती: जगातलं दीर्घकाळ टिकलेलं पहिलं एका फुफ्फुसाचं प्रत्यारोपण १९८३ मध्ये टोरोंटोत डॉ. जोएल कूपर यांच्या टीमने केलं, आणि तो पेशंट फायब्रोसिसचाच होता. पुढे तो सहा वर्षांहून जास्त जगला.

दुसरा गैरसमज पॅलिएटिव्ह केअरचा. हे शब्द कानावर पडले की घरच्यांचे चेहरे उतरतात, जणू डॉक्टरांनी हात टेकले. प्रत्यक्षात ही मंडळी दम आणि खोकला सुसह्य करणारी तज्ज्ञ आहेत, आणि बाकीचे उपचार चालू असतानाच त्यांचं काम सुरू होऊ शकतं. चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा वारा घेतला की दम कमी वाटतो, ही त्यांची साधीशी युक्ती आहे आणि ती लागू पडते. आयपीएफच्या न हटणाऱ्या खोकल्यावर मॉर्फिनचा अगदी लहान डोस देऊन पाहिलेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खोकल्याची उबळ सुमारे चाळीस टक्क्यांनी घटली. दिवसातून शेकडो वेळा खोकणाऱ्या माणसाला, आणि शेजारच्या खोलीत जाग्या असलेल्या त्याच्या बायकोला, चाळीस टक्के म्हणजे काय ते विचारा. याच लोकांसोबत बसून आणखी एक गोष्ट आधीच ठरवायची असते. या आजारात कधी कधी काही दिवसांत दम एकदम वाढतो; आयपीएफमधला असा झटका फार घातक असतो. त्या रात्री कोणाला फोन करायचा, कुठे न्यायचं, व्हेंटिलेटर हवा की नको, हे पेशंट स्वतः शांत डोक्याने बोलू शकतो तेव्हाच बोलून ठेवावं.

एवढं सगळं मिळणारी केंद्रं दूर असतात, ही खरी अडचण. तरी तिथे पोचायला उशीर करू नये. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये दाखवून दिलं की दम सुरू झाल्यापासून अशा केंद्रात पोचायला ज्यांना जास्त वेळ लागला त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त होतं, आणि आजार किती वाढलेला होता ते हिशेबात धरूनही हा फरक उरत होता. पण पोचणं म्हणजे दर महिन्याला प्रवास नव्हे. निदान आणि मोठे निर्णय केंद्रात, रक्ततपासण्या आणि किरकोळ तक्रारी घराजवळ, मधे व्हिडिओवर भेट. बैठकही पडद्यावर होऊ शकते, फाइलला तिकीट लागत नाही. स्कॅन मात्र मूळ डिजिटल स्वरूपात पाठवावा लागतो. छापलेल्या फिल्मचा फोटो काढून पाठवला तर रेडिऑलॉजिस्टला त्यातलं धुकं आणि खरं धुकं वेगळं करता येत नाही. जुने स्कॅन, अगदी पाच वर्षांपूर्वी पोटासाठी काढलेला सीटी असेल तरी तो फेकू नका. त्यात फुफ्फुसाचा तळ सापडतो, आणि वण तेव्हाही होते का हे कळतं.

तीन महिन्यांनी बाईंची फाइल परत टेबलावर. रेडिऑलॉजिस्टने दोन स्कॅन शेजारी शेजारी लावलेत. राखाडी धुकं बरंच निवळलंय. दोऱ्या जिथे होत्या तिथेच आहेत, त्या जाणार नाहीत. एफव्हीसी ६६ वरून ७३. चालल्यावर ऑक्सिजन ९० च्या खाली गेला नाही. पॅथॉलॉजिस्ट हात वर करतो, ‘माझा तुकडा राहिला तर.’ छातीच्या डॉक्टर स्टेरॉइड उतरवायचा तक्ता लिहितात, नर्स तो फोनवर बाईंना दोनदा वाचून दाखवणार आहे. पुढची फुंकर-तपासणी चार महिन्यांनी. लघवीच्या संसर्गासाठी दुसरं औषध कोण सुचवणार, यावर मात्र अजून कोणाचं नाव लिहिलेलं नाही, आणि नर्सने त्या रिकाम्या जागेपुढे पेनाने गोल काढून ठेवला आहे.